शून्याच्या पोटातला ठिपका

गेल्या श्रावणातली गोष्ट. महिनाअखेरचा हिशेब जुळवायला बसलो आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या खात्यात आठशे रुपये जास्त निघाले. पैसे कमी भरले की कोषाध्यक्षाची झोप उडते हे सर्वांना ठाऊक आहे; पण जास्त निघाले तरीही उडते, कारण ते कुणाचे तरी असतात आणि त्या कुणीतरी अजून तक्रार केलेली नसते.

तक्रार न करणाऱ्या व्यक्ती म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांचे देणे होते २,०५० रुपये. मी माझ्या स्वतःच्या, एकेकाळी नावाजलेल्या अक्षरात त्यांना चिठ्ठी दिली होती २,८५० रुपयांची. पाणीपट्टी वाढली असेल, असे समजून त्यांनी निमूटपणे पैसे भरले. नुसत्या पेन्शनवर राहणारी बाई. त्या महिन्यात त्यांनी गुडघ्याच्या गोळ्या आणल्या नाहीत, हे मला नंतर आमच्या सौ.कडून कळले. वहिनी स्वतः एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी जाऊन क्षमा मागितली, पैसे परत केले. "अहो भावजी, वय झाले की व्हायचेच," असे म्हणून त्यांनी चहा ठेवला. हे वाक्य मला रागावण्यापेक्षा जास्त लागले. दोन दिवसांनी सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि तेही मोठ्या मायेने म्हणाले, "अण्णा, पुष्कळ वर्षे केलेत. आता जरा विश्रांती घ्या."

आता हे सांगितले पाहिजे की, मी साधा चुकणारा माणूस नव्हे. म्हणजे चुका पकडणे हाच माझा धंदा होता. १९७५ साली मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो. शिशाच्या खिळ्यांचा तो काळ. जुळारी उभ्याने खिळे जुळवायचा, गॅलीचे ओले प्रूफ माझ्या टेबलावर यायचे आणि मी त्यातले उलटे पडलेले, झिजलेले, दुसऱ्या घरातून चुकून आलेले खिळे हुडकून काढायचो. ऱ्हस्वाचा दीर्घ झालेला मला झोपेतही दिसत असे. अशा माणसाने शून्याला आठ वाचावे?

डोळ्यांचे निमित्त होतेच. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, आणि उजव्याच्या पडद्याची मध्यभागी झीज सुरू झालेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की, चष्म्याचा नंबर वाढवून आता फारसा उपयोग नाही. अक्षर मोठे घ्या, उजेड चांगला घ्या, काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे असे ठळक घ्या. सल्ला ऐकला, आचरणात आणायचे राहून गेले.

संस्थेचा हिशेब मी लॅपटॉपवर ठेवतो. हे यंत्र माझ्या भाच्याचे. नवे घेतल्यावर जुने त्याने मला दिले आणि त्यावर लिनक्स घातले. त्यातही मला खिडक्या आणि चित्रे यांपेक्षा निव्वळ अक्षरांचा काळा पडदा आवडला. त्याला कन्सोल म्हणतात. काळी पाटी, पांढरी अक्षरे, एक लुकलुकणारी रेघ. जाहिरात नाही, काही नाही. शस्त्रक्रियेनंतर पांढऱ्याशुभ्र पडद्याकडे पाहिले की डोळ्यांत पाणी येई, ते इथे येत नसे. भाचा म्हणे, "मामा, खिडकीत बसा. तिथे कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचे चिन्ह दाबले की अक्षर मोठे होते." पण मला काळी पाटीच हवी होती, आणि काळ्या पाटीला तसली कळ नाही. अक्षरे मात्र मुंगीएवढी. सवयीने चालले होते.

तर त्या रात्री सौ. झोपल्यावर मी कपाटातून जुने भिंग काढले, पडद्यावर २०५० हा आकडा आणला आणि भिंग लावले. पाहतो तो काय, शून्याच्या पोटात एक ठिपका!

हा ठिपका चुकून पडलेला नाही. इंग्रजी 'ओ' आणि शून्य यांत गफलत होऊ नये म्हणून तो मुद्दाम घातलेला आहे. लिनक्सच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात त्याच्या पोटातच एक अक्षरसंच बांधलेला असतो. दुसरा कोणता सांगितला नाही तर तोच पडद्यावर येतो. त्यात प्रत्येक अक्षराला आठ ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच असा चौकोन मिळतो. एवढ्याशा जागेत शून्याच्या मधोमध ठिपका घातला की दुरून त्याचा आठ होतो. त्यातून वहिनींचे मागच्या महिन्याचे देणे होते १,८५०. म्हणजे त्या जागी आठ असणार, अशी नजरेची आधीच समजूत झालेली. मुद्रितशोधकाचा हा सर्वांत जुना शत्रू: डोळा जे आहे ते वाचत नाही, जे अपेक्षित आहे ते वाचतो.

मग मी छापखान्यातली पितळी मोजपट्टी काढली. माझ्या लॅपटॉपचा पडदा १४ इंची. त्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. हिशेब केला तर एका इंचात सुमारे १५७ ठिपके बसतात. म्हणजे सोळा ठिपक्यांचे अक्षर झाले जेमतेम सव्वासात पॉईंटाचे! एका इंचाचे बहात्तर पॉईंट, हे आमच्या धंद्यातले माप. सव्वासात पॉईंटात आम्ही पंचांगाच्या तळटीपासुद्धा नाखुशीने छापल्या असत्या. आणि त्यात मी त्र्याहत्तराव्या वर्षी संस्थेचा हिशेब वाचत होतो.

सकाळी भाच्याला फोन केला. तो पुण्याला असतो. म्हणाला, "मामा, रविवारी येतो आणि करून देतो." मी म्हटले, "येऊ नकोस. सांग, मी करतो." यात थोडा हट्ट होता, हे कबूल करतो. पण ज्या गोष्टीपायी विश्रांती घेण्याचा सल्ला मिळाला, ती स्वतः दुरुस्त करावी असे वाटत होते.

पहिला प्रयत्न माझ्या अक्कलहुशारीने केला आणि फसला. पडद्यावर किती ओळी आणि किती रकाने मावतात हे विचारायची एक आज्ञा आहे. तिचे नाव एस-टी-टी-वाय, आणि तिच्यापुढे 'साइझ' लिहायचे. उत्तर आले: ६७ ओळी, २४० रकाने. मी म्हटले, मग बरोबर आहे, एका ओळीत दोनशे चाळीस अक्षरे कोंबल्यावर ती मुंग्यांसारखी दिसणारच! कमी करू. त्याच आज्ञेने सांगितले: रकाने ८०, ओळी २५. आणि एंटर मारला.

अक्षरे तसूभरही मोठी झाली नाहीत. उलट सगळा मजकूर पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि उरलेला पडदा मोकळा, काळाकुट्ट. आठ ठिपक्यांची ८० अक्षरे म्हणजे ६४० ठिपके; सोळा ठिपक्यांच्या २५ ओळी म्हणजे ४००. पडद्याचा साधारण अष्टमांश. मोठ्या दिवाणखान्यात सतरंजीची एक घडी टाकावी तसे दिसू लागले. मी कागदाचा आकार बदलला होता. खिळा तोच होता. पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या उमेदवार जुळाऱ्याने हे केले असते तर मी त्याला हसलो असतो. पूर्वीचे आकडे पुन्हा देऊन पडदा पसरला.

हे ८० रकाने कुठून आले, याची एक जुनी कथा आहे आणि ती मला फार आवडली. १९२८ साली आयबीएम कंपनीने भोके पाडण्याची जी कार्डे काढली, त्यांत ८० उभे रकाने होते. पुढे पडदे आले तरी आकडा राहिला. १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढे पडदा नव्हताच; टेलिटाइप नावाचे खडखडणारे यंत्र होते. सेकंदाला दहा अक्षरे, तीही फक्त मोठ्या लिपीतली, कागदाच्या भेंडोळ्यावर. त्या टेलिटाइपचेच लघुरूप टी-टी-वाय आजही माझ्या आज्ञेच्या नावात बसले आहे. १९७८ साली डिजिटल कंपनीचा व्हीटी-१०० हा पडदा आला, २४ ओळी आणि ८० रकान्यांचा. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला तो २५ ओळींचा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स केले, तेव्हा हे माप सर्वत्र रूढ होते. आमच्याकडे नाही का, मोजायची पद्धत गेली तरी शेर आणि पायली म्हणींमध्ये राहिली!

त्या वेळच्या पडद्यावर ठिपकेच थोडे होते, म्हणून सोळा ठिपक्यांचे अक्षर चांगले ठसठशीत दिसे. पुढे पडदे सूक्ष्म होत गेले, ठिपके बारीक झाले, आणि तेच सोळा ठिपक्यांचे अक्षर आक्रसत गेले. दोष अक्षर काढणाऱ्याचा नाही.

दुसरा प्रयत्न भाच्याच्या सांगण्यावरून. यंत्र सुरू होतानाच कर्नलला सांगायचे की, पडदा १,२८० बाय ७२० ठिपक्यांचाच आहे असे समज. ठिपके कमी म्हणजे अक्षर आपोआप मोठे. झालेही मोठे, पण शाई फुटल्यासारखे! कारण या पडद्यांचे ठिपके कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात. १,९२० घरांत १,२८० माणसे बसवायची म्हणजे प्रत्येकाला दीड घर, आणि अर्ध्या घरात कोण राहणार? मग कडा पुसट होतात. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांना हे इतके बाधत नसे. मी दोनच मिनिटे पाहिले आणि पूर्ववत केले. पुसट छपाई मी आयुष्यभर परत पाठवली आहे.

म्हणजे कागद बदलून भागेना, यंत्र बदलून भागेना. खिळाच बदलायला हवा.

आणि इथे मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. ईटीसी, यूएसआर अशी कपाटांची नावे ऐकून मी बिचकत होतो. पण भाच्याने सांगितले की, यूएसआरच्या आत शेअर, त्याच्या आत केबीडी, आणि त्याच्या आत कन्सोलफाँट्स नावाचा कप्पा आहे, तो उघडा. उघडला, तर ही केवढी मोठी टाइपकेस! शेकडो अक्षरसंच, ओळीने मांडलेले. प्रत्येक अक्षर म्हणजे ठिपक्यांची जाळी. जिथे शाई हवी तिथे एक, नको तिथे शून्य. आठ बाय सोळाच्या एका अक्षराला सोळा बाइट लागतात. २५६ अक्षरांची सबंध केस ४,०९६ बाइटांत मावते. आमच्या छापखान्यातली एक केस उचलायला दोन माणसे लागत.

संच बसवायच्या आज्ञेचे नाव सेटफाँट. तिच्यापुढे संचाचे नाव लिहायचे, एंटर मारायचा, आणि त्याच क्षणी सबंध पडद्यावरचे खिळे बदलतात. नुसते सेटफाँट लिहिले, पुढे काही नाही, तर मूळचा संच परत येतो. ही दुसरी गोष्ट आधी विचारून घ्या, असे मी वाचकांना सांगेन. परतीची वाट माहीत असली की माणूस धीट होतो.

भाच्याने सुचवलेला संच टर्मिनस नावाचा. दिमितर झेकोव्ह या गृहस्थांनी तो, दिवसाला आठ आणि त्याहून अधिक तास पडद्यापुढे काम करणाऱ्यांसाठी म्हणून काढला आहे. तो वेगळा मागवून घ्यावा लागला. त्यातल्या संचांची नावे पाहून प्रथम घाबरलो: टेर-१३२-बी, टेर-११६-एन असली. पण ती पिनकोडासारखी आहेत. पहिला आकडा कोणत्या भाषांची अक्षरे आहेत ते सांगतो. १ म्हणजे पश्चिम युरोपातल्या. पुढचे दोन आकडे म्हणजे उंची. १६ किंवा ३२ ठिपके. शेवटचे अक्षर एन म्हणजे साधा, बी म्हणजे ठळक.

मी लिहिले: सेटफाँट, टेर-१३२-बी.

काय सांगू! पडदा क्षणभर काळा झाला आणि मग अक्षरे अशी उमटली की मी नकळत खुर्ची मागे सरकवली. सोळा ठिपके रुंद, बत्तीस उंच. मोजपट्टी लावली: साडेचौदा पॉईंटाच्या किंचित वर. बालभारतीच्या पुस्तकासारखे. पुन्हा विचारले, किती ओळी आणि किती रकाने? उत्तर आले ३३ आणि १२०. म्हणजे खिळा मोठा होताच यंत्राने ओळी आपल्या आपण मोजून घेतल्या. मला सांगावे लागले नाही. मग २०५० आणि २८५० हे दोन आकडे खाली-वर लिहिले, चष्मा काढला, आणि पाहिले. शून्य शून्य होते, आठ आठ होता. भिंग परत कपाटात गेले.

अर्थात एवढ्यात सुखान्त झाला असे नाही. ऑल्ट आणि एफ-२ दाबून दुसऱ्या पाटीवर गेलो, कारण अशा पाट्या एकाहून अधिक असतात, तर तिथे मुंग्याच! सेटफाँट ज्या पाटीवर सांगावे तिथेच लागू होतो. आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तर पहिल्या पाटीवरही मुंग्या. कायमचे करायचे तर ईटीसी कपाटातल्या व्ही-कन्सोल डॉट कॉन्फ या कागदावर एक ओळ लिहून ठेवावी लागते: फाँट, बरोबरचे चिन्ह, आणि संचाचे नाव. त्या कागदाला हात लावायला मालकाची परवानगी लागते आणि ती मागायच्या शब्दाचा उच्चार आहे 'सूडो'. मला वाटले, भाचा माझ्यावर कसला सूड उगवतोय!

ओळ लिहिली, यंत्र सुरू केले, तरी मुंग्या. अर्धा तास गेला. शेवटी प्रूफ तपासावे तसे एकेक अक्षर बोट ठेवून वाचले, तेव्हा दिसले की टेरच्या पुढची आडवी रेघ मी गाळली होती. मुद्रितशोधकाची ही दुसरी चूक! यंत्राने मात्र त्यावरून काही आकांडतांडव केले नाही; नाव सापडले नाही, म्हणून जुन्याच संचावर काम चालू ठेवले. रेघ घातली आणि झाले. ज्यांच्याकडे डेबियन किंवा उबुंटू या जातीचे लिनक्स आहे, त्यांच्याकडे हा कागद वेगळा असतो. तिथे कन्सोल-सेटअप नावाची व्यवस्था एकेक प्रश्न विचारून अक्षराचे वळण आणि माप निवडू देते. आणि ज्यांचे पडदे याहूनही सूक्ष्म आहेत, त्यांच्यासाठी सेटफाँटच्या नव्या आवृत्तीत उणे-डी असे पुढे लिहिले की प्रत्येक ठिपक्याचे आडवे-उभे दुप्पट होऊन अक्षर दुणावते.

एक गोष्ट मात्र झाली नाही. मला सभासदांची नावे मराठीत लिहायची होती. टर्मिनस झाला, आता एखादा देवनागरी संच बसवू, असे भाच्याला म्हटले. तो म्हणाला, "मामा, या पाटीवर नाही होणार." कारण ऐकल्यावर मला वाईट वाटले, पण पटले. ही पाटी एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती ठेवते, आणि प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनात एकटे बसते. शेजाऱ्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या लिपीचा तर सगळा संसारच शेजाऱ्यांशी. 'कि' लिहिताना वेलांटी मागून टंकायची आणि ती दिसायची पुढे. 'स्त्री'मध्ये तीन वर्ण एकमेकांत मिसळायचे. हे जुळवणारा कुणी जुळारी कर्नलमध्ये नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून या लिपीने खिळे पाडणाऱ्यांना घाम फोडला आहे. तेव्हा या पाटीवर वहिनींचे नाव अजून रोमन लिपीत आहे. मराठी पत्रे लिहायला मी भाच्याच्या खिडकीत जातो. तिथे जुळारी आहे.

सप्टेंबरात संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. आठशे रुपयांची चूक मी स्वतःच वाचून दाखवली. कुणी विचारले नव्हते. लॅपटॉप टेबलावर ठेवला, चार हात लांब उभा राहिलो आणि पंधरा बिऱ्हाडांचे आकडे तिथून वाचले. सेक्रेटरी काही बोलले नाहीत. वहिनी मात्र मागच्या रांगेतून म्हणाल्या, "भावजी, अक्षर मोठे केलेत ते छान. पण डोळा आणखी बिघडला तर?"

प्रश्न बरोबर होता. पडद्याची झीज भरून येत नाही आणि ३२ ठिपक्यांनी ती थांबतही नाही. मी म्हटले, "छापखान्यात आम्ही एकटे कधीच तपासत नव्हतो. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा. मला तसा वाचणारा द्या."

चौथ्या मजल्यावरची, कॉलेजात जाणारी मुलगी तयार झाली. दर महिन्याच्या अखेरीस ती संध्याकाळी येते, लॅपटॉपपुढे बसते आणि एकेक आकडा सुटा सुटा वाचते. मी समोर बसून लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवत जातो. तिला ती अक्षरे फारच मोठी वाटतात. एकदा माझ्या नकळत तिने ती लहानही करून पाहिली. परवा वहिनींची चिठ्ठी आली तेव्हा ती थांबली, माझ्याकडे पाहून हसली आणि अगदी सावकाश वाचू लागली: "दोन... शून्य... पाच... शून्य."

सौ. आतून म्हणाली, "झाले का तुमचे? चहा निवतोय."